वर्गात बोलून "जबाबदारी" शिकवता येते का? (एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मदत हवी आहे)

शाईची_दौत | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात कॉमर्स शिकवते, यंदा अकरावं वर्ष. नवीन शैक्षणिक धोरणात एफवायला मूल्यशिक्षणाचे २ क्रेडिट आलेत, ते मी यंदा मागून घेतले. कारण सांगते. दिवाळीआधी इंटर्नल झाली, निम्म्या वर्गाला कमी मार्क पडले. मी सगळ्यांना अर्धं पान दिलं आणि म्हटलं, मार्क कमी का पडले, कोणामुळे, मनापासून लिहा. ४१ पानं आली. पेपर सिलॅबसबाहेरचा होता, एसटी उशिरा आली, लाइट नव्हती, घरी लग्न होतं, मॅडम फास्ट शिकवतात. एकाच पानावर होतं "मी अभ्यास केला नाही", आणि त्याखाली एक ओळ खोडलेली, उजेडात धरल्यावर वाचता आली, "पण कोणीच करत नाही".

त्या रात्री मला झोप लागली नाही. ही मुलं वाईट नाहीत हो, फार गोड आहेत. पण "हे माझं होतं आणि माझ्याकडून राहिलं" हे वाक्य त्यांच्या तोंडून येतच नाही. दोन वर्षांनी कुणी बँकेत असेल, कुणी बापाच्या दुकानात, कुणाचं लग्न झालेलं असेल.

माझ्याकडे चार गुरुवार आहेत, दर वेळी ४८ मिनिटं. भाषण द्यायचं नाही हे पक्कं आहे, चर्चा घ्यायची आहे. पण मी "जबाबदारी" शब्द फळ्यावर लिहिला की सगळी मान खाली घालून बसतात. पहिला प्रयत्न फसलाय. कोणी असं केलंय का वर्गात? कसं सुरू केलं?

पावशेर_साखर | सोमवार, रात्री १०:०२

पहिली! छान विषय, वाचत राहणार.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री १०:४१

ताई, तळमळ पोचली. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चर्चेने जबाबदारी येत नाही, अंगावर काम पडल्याने येते.

मी रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात वाढलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, आणि "कमवा आणि शिका". आमच्या वेळी हे सगळं चालू होतं. मला सकाळी सहा ते आठ कॉलेजच्या शेतावर गव्हाला पाणी द्यायची पाळी होती. एकदा थंडीत दारं धरलं होतं आणि बांधावर बसल्या बसल्या डोळा लागला. वाफा फुटला, पाणी गेलं सगळं शेजारच्या हरभऱ्यात. रेक्टर आले, एक शब्द बोलले नाहीत, खोरं माझ्या हातात दिलं आणि स्वतः दुसरं घेऊन माझ्यासोबत बांध घालायला लागले. पन्नास वर्षं होऊन गेली, अजून तो चिखल पायाला लागतो. तुमच्या ४८ मिनिटांत हे कुठून आणणार?

टीवाय_वाला | सोमवार, रात्री ११:१५

काका तुमचा अनुभव भारी आहे पण आता आमची बाजू पण ऐका, मी सध्या टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे.

दहावीला मला आर्ट्स घ्यायचं होतं, पप्पा म्हणाले सायन्स. बारावीला मार्क पडले नाहीत, मग काका म्हणाले कॉमर्स. कॉलेज मावशीच्या घराजवळ म्हणून तेच. ॲडमिशनच्या वेळी अँटी रॅगिंगचं अंडरटेकिंग असतं ना, विद्यार्थ्याचं वेगळं आणि पालकाचं वेगळं, माझं पण पप्पांनीच भरलं आणि माझ्या नावाची सही पण त्यांनीच केली, मी शेजारी उभा होतो. म्हणजे १८ वर्षं एकही निर्णय माझा नाही आणि एटीकेटी लागली (विषय राहिला) की "ही तुझी जबाबदारी". जे मी ठरवलंच नाही ते माझं कसं?

आणि मॅडम, सॉरी, पण "मॅडम फास्ट शिकवतात" हे खरं पण असू शकतं ना.

शाईची_दौत | सोमवार, रात्री ११:२४

@टीवाय_वाला, सॉरी कशाला. खरं आहे ते. दिवाळीच्या आधी मी तीन युनिट दहा दिवसांत उरकली. तुझं सहीचं वाचून मी खरंच थांबले थोडा वेळ.

कोकणकडा_७२ | मंगळवार, सकाळी ७:१०

सहीवरून आठवलं. आमच्या वेळी प्रॉक्सीचे बादशहा होते, एकच पोरगा चार वेगवेगळ्या आवाजात "येस सर", "हजर सर", "प्रेझेंट", आणि चौथ्याला नुसता खोकायचा. सर त्या खोकल्याची पण हजेरी लावायचे. पुढे तो नाटकात गेला, चांगलं काम करतो.

पावशेर_साखर | मंगळवार, सकाळी ७:३२

खोकल्याची हजेरी 😂😂 आमच्याकडे एक मुलगी मैत्रिणीची हजेरी लावता लावता स्वतःची लावायला विसरली आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये तिचंच नाव लागलं.

शब्दकळा | मंगळवार, सकाळी ९:०५

मला वाटतं अर्धी अडचण शब्दातच आहे.

मराठीत आपण "जबाबदार" कधी म्हणतो ते बघा. "अपघाताला जबाबदार कोण?" "माझ्या मरणाला कोणी जबाबदार नाही." "सामान हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही." प्रत्येक ठिकाणी अर्थ आहे दोषी. मुलांनी लहानपणापासून हा शब्द एवढाच ऐकलाय. तुम्ही फळ्यावर तो लिहिलात की त्यांना ऐकू येतं, "आता गुन्हेगार शोधायचाय". मान खाली जाणारच.

तसं बघितलं तर शब्दात जबाब आहे, म्हणजे उत्तर. जो उत्तर द्यायला उभा राहतो तो. पण तो अर्थ आता फक्त "जबाबदारीने वागतो हो पोरगा" एवढ्यात उरलाय. तुमच्या ४१ पानांत तुम्ही विचारलं "कोणामुळे". तुम्ही दोष विचारलात, मुलांनी दोष सांगितला. त्याऐवजी "यात तुझ्या हातात काय होतं" असं विचारून बघा. दोष दुसऱ्याचा असला तरी आपल्या हातात काहीतरी असतं, आणि कधी कधी खरंच काही नसतं, तेही सांगता आलं पाहिजे.

शाईची_दौत | मंगळवार, सकाळी ९:२०

बापरे. "कोणामुळे" हा शब्द मीच दिला होता. हे अकरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद शब्दकळा, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

वकीलसाहेब_नाशिक | मंगळवार, दुपारी १:४०

कायद्यात पण हा फरक आहे बरं का. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ कलम आलं. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. गाडी पोराने चालवली, पण जबाब बापाला द्यायचाय. बापाला सुटायचं असेल तर आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे त्यानेच सिद्ध करायचं. वर्गात चर्चेला झकास विषय आहे, मुलं यावर तासभर भांडतील, कारण निम्म्यांनी सोळाव्या वर्षी गाडी चालवलेली असते.

दोन_मुलांचा_बाप | मंगळवार, दुपारी २:१५

वकीलसाहेब हे वाचून पोटात गोळा आला. मी मोठ्याला सोळाव्या वर्षी ॲक्टिव्हा दिली होती, क्लासला जायला. क्लास सहा किलोमीटर, बस नाही, मी कामावर. एकदा संध्याकाळी फोन आला, गाडी घसरलीय, आजीबाईंना धक्का लागलाय. सुदैवाने मनगटावर निभावलं, प्लास्टर. मी दवाखान्यात पोचलो तर हा आजींच्या शेजारी बाकावर बसलेला आणि त्यांच्या मुलाला स्वतःहून सांगत होता, "मीच चालवत होतो, माझ्याकडे लायसन्स नाही". मला मात्र गाडीवरून येताना सगळा वेळ डोक्यात हेच की पोलिसात कोणाला ओळखतो.

त्याला हे कोणी शिकवलं मला माहीत नाही, मी नाही शिकवलं. त्या आजींकडे तो महिनाभर रोज दूध घेऊन जायचा. चावी मी त्याच रात्री काढून घेतली, पण ती द्यायला नको होती हे त्याला सांगायला मला दोन वर्षं लागली.

पावशेर_साखर | मंगळवार, दुपारी २:२२

_/\_ लिहिल्याबद्दल आभार. मुलगा गुणी आहे तुमचा.

बीएड_झालेली | मंगळवार, दुपारी ४:३०

आमच्या बीएडला लॉरेन्स कोहलबर्ग हा मानसशास्त्रज्ञ असतो, सगळ्यांनी पाठ करून लिहिलेला असतो. त्याची ती गोष्ट, हाइन्झची बायको आजारी, औषधवाला अव्वाच्या सव्वा किंमत सांगतो, हाइन्झने औषध चोरावं का? उत्तर काय यापेक्षा "का" हे बघायचं. त्याच्या मोश ब्लॅट नावाच्या विद्यार्थ्याने हे वर्गात वापरून पाहिलं. अशा पेचांवर मुलांमध्ये नीट चर्चा घडवली की त्यांचा विचार करण्याचा स्तर वर सरकतो असं त्याला आढळलं, १९७५ साली दोघांनी मिळून लिहिलंय त्यावर. म्हणजे मास्तरकाका, नुसत्या बोलण्याने काहीच होत नाही असं नाही. फक्त विचार वर सरकला म्हणजे वागणं पण सरकलं असं मात्र नाही, तिथे तुमचं बरोबर आहे.

पण हाइन्झ नका घेऊ ताई. मी घेतला होता, मुलं म्हणाली मॅडम त्याने सरकारी दवाखान्यात न्यायचं ना. पेच मुलांच्या अंगणातला पाहिजे. मी मग असा केला: पाच जणांचा प्रोजेक्ट, एकीने सगळा केला, चौघांनी नावं घातली, व्हायव्हाला सरांनी तिलाच प्रश्न विचारला आणि तिला घाबरून उत्तर आलं नाही. आता चौघांपैकी एक मुलगा तोंड उघडणार का? वर्गात अशी काही जुंपली की बेल झालेली कळली नाही. कारण ती मुलगी आणि ते चौघे वर्गात बसलेलेच असतात, नावं बदलून.

मानसी_नव्हे_मानसशास्त्र | मंगळवार, संध्याकाळी ६:००

यात मी एक भर घालते. १९६८ साली डार्ली आणि लॅटाने या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला, आणि त्यातली माणसं कॉलेजची मुलंच होती. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं, इंटरकॉमवर कॉलेजातल्या अडचणींवर गप्पा मारायच्या. मध्येच एकाला फिट येते, तो मदत मागतो (ते रेकॉर्डिंग असतं). ज्यांना वाटत होतं की हे फक्त मीच ऐकतोय त्यांच्यापैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले. ज्यांना वाटत होतं की आणखी चौघे ऐकतायत, त्यांच्यात फक्त ३१ टक्के. आणि न उठलेले निर्ढावलेले नव्हते, हात थरथरत होते, घाम फुटला होता. दोघांचा निष्कर्ष असा की दुसरे पण ऐकतायत हे माहीत असलं की उठायची जबाबदारी सगळ्यांत विभागली जाते.

तुमच्या पानावरची ती खोडलेली ओळ, "पण कोणीच करत नाही", मला अगदी त्याच खोलीतली वाटली.

वर्गात याचं साधं रूप करता येतं. आठवडाभर काही न बोलता बघा की तास संपल्यावर पंखे कोण बंद करतं. मग गुरुवारी विचारा.

शाईची_दौत | मंगळवार, संध्याकाळी ६:१८

ते बघायची गरजच नाही, आमच्या १४ नंबरच्या वर्गात कोणीच बंद करत नाही. तिन्ही पंखे चालू सोडून सगळे जातात, शेवटी शिपाईमामा येऊन मेन स्विच पाडतात. मी दोनदा बोलले पण आहे त्यावरून. पंख्यापासूनच सुरू करते, हे फार आवडलं.

एसटीची_खिडकी | मंगळवार, रात्री ८:४५

सगळं वाचलं. मला एक खटकतंय ते लिहिते.

ताईंच्या यादीत "एसटी उशिरा आली" हे बहाण्यात गेलं. मी स्वतः सहा दहाच्या गाडीने कॉलेज केलंय. ती गाडी चुकली की पुढची पावणेनऊला, म्हणजे पहिले दोन तास गेले. गाडी आली नाही तर माझ्या हातात काय होतं, काही नाही. २०२१-२२ च्या संपात तर महिनोन्‌महिने गाडीच नव्हती, आमच्या गावातल्या तीन मुलींनी त्या वर्षी कॉलेज सोडलं. वडापमध्ये बारा माणसं कोंबतात, घरचे म्हणाले नको. त्यातल्या एकीचं लग्न झालं त्याच मे महिन्यात. तिला जाऊन वैयक्तिक जबाबदारी शिकवायची का?

गरिबाला जबाबदारी शिकवणं सगळ्यांना फार आवडतं. डेपो मॅनेजरला कोणी शिकवत नाही. चर्चा घ्या, पण त्यात हे बोलायला जागा ठेवा, नाहीतर खालमानेने बसलेली मुलं बरोबरच करतायत.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री ९:१०

पटलं. गाडी नसेल तर काय, हा विचार मी नोकरीत असताना पुरेसा केला नाही. उशिरा आलेल्या मुलांना बाहेर उभं करायचो. त्यात अशाच मुली असणार.

अर्ध्या_तासाचा_गुरू | मंगळवार, रात्री १०:५५

सीएचबीवर शिकवतो, म्हणजे तासावर पैसे, तीन कॉलेजं फिरतो. दहा वर्षांत अशा चर्चा पन्नासेक घेतल्या असतील, निम्म्या आपटल्या. ज्या चालल्या त्यात काय होतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे स्वतःची चूक आधी, आणि खरी, शोभेची नाही. "मी पण लहानपणी अभ्यास करत नव्हतो" असली नाही चालत, मुलं लगेच ओळखतात. माझी सांगतो. चार वर्षांपूर्वी एका कॉलेजात परीक्षेच्या फॉर्मची यादी वर्गशिक्षक म्हणून माझ्याकडे होती. शेवटची तारीख शुक्रवार, मी शनिवार समजून बसलो. अकरा मुलांना लेट फी लागली. ऑफिसात मी म्हणालो, नोटीस नीट लावली नव्हती. लावली होती. मी तिच्यासमोर उभं राहून चहा प्यायलो होतो. दोन दिवस तेच रेटलं आणि तिसऱ्या दिवशी त्यातला एक मुलगा आला, हातात सुट्टे पैसे, दहाच्या नोटा, म्हणाला सर थोडे कमी आहेत, उद्या देतो. तेव्हा घशात आलं. वर्गात जाऊन सांगितलं, नोटीस होती, मी वाचली नाही, फी मी भरतो. भरली. त्या महिन्यात माझ्याकडे तेवढेच होते.

हे मी आता दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. मग गप्प बसतो. गप्प बसणं सगळ्यात अवघड. मनात वीस आकडे मोजा. अठरा-एकोणीसला कोणीतरी बोलतंच.

मार्क लावू नका या चर्चेला, मार्क आले की मुलं तुम्हाला हवं ते बोलतात. नाव घेऊन उठवू नका. चिठ्ठ्या बिननावाच्या घ्या आणि तुम्हीच वाचा, मुलांचं अक्षर मुलं ओळखतात. आणि ताई, बाक जमिनीला ठोकलेले असतील तर सरळ व्हरांड्यात न्या, पाठीमागे पाठ बसून कोणी मनातलं बोलत नाही.

टीवाय_वाला | मंगळवार, रात्री ११:०८

सर आमच्याकडे या ना शिकवायला.

पावशेर_साखर | मंगळवार, रात्री ११:११

दहाच्या नोटांपाशी रडू आलं मला.

इतिहासाचा_तास | बुधवार, सकाळी ८:२०

दुसऱ्या किंवा तिसऱ्या गुरुवारसाठी एक सुचवतो. लालबहादूर शास्त्री रेल्वेमंत्री होते. १९५६ मध्ये आधी महबूबनगरला अपघात झाला, त्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी घेतला नाही. नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत अरियालूरला पुराने पूल गेला, गाडी पाण्यात, शंभराच्या वर माणसं गेली. पुन्हा राजीनामा, या वेळी मंजूर झाला.

मुलांना एवढंच विचारा: गाडी शास्त्रीजी चालवत नव्हते, पूल त्यांनी बांधला नव्हता, पाऊस त्यांनी पाडला नव्हता. मग का? वर शब्दकळांनी दोष आणि जबाब यातला फरक सांगितलाय तो इथे मुलं आपापला शोधतात. मी आधी काही सांगत नाही.

कोकणकडा_७२ | बुधवार, सकाळी ८:४८

शास्त्रीजींबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो, राजीनाम्याने पूल झाला का? माझ्या मते खुर्चीवर राहून सगळे पूल तपासून घेणं ही जास्त अवघड जबाबदारी. "मी चुकलो, मी जातो" यापेक्षा "मी चुकलो, मी थांबतो आणि दुरुस्त करतो". मास्तरांच्या रेक्टरांनी नाही का, खोरं हातात दिलं.

इतिहासाचा_तास | बुधवार, सकाळी ९:०२

हाच मुद्दा दर वर्षी एक तरी मुलगी काढते, आणि मग तासाला खरा रंग चढतो. माझं उत्तर असं की दोन्ही लागतं. वरचा माणूस उत्तर द्यायला उभा राहतो हे दिसलं की खालचा पूल तपासायला जातो. पण तुमचं म्हणणं खोडून काढता येत नाही मला.

निवृत्त_मास्तर | बुधवार, रात्री ८:३०

कोकणकडा, तुम्ही रेक्टरांचं काढलंत म्हणून राहिलेली गोष्ट सांगतो. परवा मी लिहिलं की चर्चेने होत नाही. पण त्या रात्री पंगतीत हरभऱ्याचा विषय निघालाच होता. रेक्टरांनी नाही काढला, मीच काढला. जेवता जेवता बोललो, आज माझ्यामुळे वाफा फुटला. तर पलीकडून एकजण म्हणाला, माझी पाळी पाचची होती, मी तुला उठवायला यायचो तो आलो नाही. मग तिसरा बोलला, कंदिलात तेल नव्हतं ते मला माहीत होतं. ताटं वाळून गेली आमची बोलता बोलता. म्हणजे खोऱ्यानेही शिकवलं आणि पंगतीनेही. ताई, तुम्ही घ्याच चर्चा.

शाईची_दौत | बुधवार, रात्री ९:०५

काका, हे वाचून फार बळ आलं. उद्या गुरुवार. ठरवलंय असं: व्हरांडा, माझी चूक आधी, मग पंखे, मग चिठ्ठ्या. चिठ्ठीवर प्रश्न: "असं एक सांगा जे बिघडलं, आणि त्यात तुमच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं." दोन्ही रकाने, एसटीची_खिडकीसाठी खास.

एसटीची_खिडकी | बुधवार, रात्री ९:१२

❤️ उद्या सांगा नक्की काय झालं.

शाईची_दौत | गुरुवार, रात्री १०:२०

झालं. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

३३ मुलं आली. व्हरांड्यात सतरंजी टाकली, मुली एकीकडे मुलं एकीकडे बसली, म्हटलं बसू दे. मी माझी चूक सांगितली. दिवाळीआधीच्या इंटर्नलचे पेपर मी सहा आठवडे तपासले नव्हते, मार्क नुसते लावले होते, अंदाजाने नाही पण वरवर चाळून. त्यांना वाटत होतं मी पेपर देत नाही कारण कॉलेजचा नियम आहे. असा नियम नाही. बोलताना आवाज कापला माझा. मग वीस मोजायला लागले. अकरालाच एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग त्याचं आता काय करणार?" अंगावर काटा आला, कारण हाच प्रश्न मला त्यांना विचारायचा होता. म्हटलं, सोमवारी सगळ्यांना तपासलेले पेपर मिळतील, आणि कोणाचे मार्क वाढत असतील तर मी स्वतः ऑफिसात जाऊन दुरुस्ती करून आणेन. आता रविवार गेला माझा, पण चालेल.

चिठ्ठ्या २९ आल्या. सगळ्या इथे टाकणार नाही, त्यांच्या आहेत त्या. एक चिठ्ठी त्या मुलाची परवानगी घेऊन सांगते: "आजी पडली तेव्हा मी घरात होतो, हेडफोन होते. हातात होतं: हेडफोन. हातात नव्हतं: फरशी ओली होती ते." ती वाचल्यावर कोणी हललं नाही. "काय नव्हतं" हा रकाना मुलांनी आधी भरला होता, खूप जणांनी, आणि तो भरून झाल्यावर पहिला पण भरला. नुसता पहिला दिला असता तर कोरा आला असता असं मला वाटतं.

आणि आता पंखे. मी विचारलं, रोज पंखे चालू राहतात, तुमच्यापैकी कोणाला वाटतं बंद करावे? सगळ्यांनी हात वर केले. मग का नाही करत? शांतता. मी मनातल्या मनात मानसीताईंचे ८५ टक्के आणि ३१ टक्के सांगायच्या तयारीत. तास संपला, मुलं उठली, तर मागे बसणारा एक मुलगा, वर्षभर माझ्याशी एक शब्द न बोललेला, चप्पल घालता घालता म्हणाला, "मॅडम, त्या बोर्डाला शॉक लागतो."

मी वर्गात जाऊन पाहिलं. दाराजवळचा बोर्ड, मधलं बटण फुटलेलं, आत पितळी पट्टी दिसते, आजूबाजूला काळं पडलंय. ऑगस्टमध्ये एका मुलीला लागला होता. तेव्हापासून कोणी हात लावत नाही. मी उजव्या बाजूच्या दाराने येते-जाते, मला कधी दिसलंच नाही, आणि मी दोनदा त्यांना वीज वाया घालवता म्हणून बोलले होते.

मानसी_नव्हे_मानसशास्त्र | गुरुवार, रात्री १०:३१

अरे देवा. आणि मी सरळ इंटरकॉमची खोली जोडून दिली. आधी बोर्ड बघायला सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

वकीलसाहेब_नाशिक | गुरुवार, रात्री १०:४०

ताई, हे आधी बदलून घ्या, बाकी सगळं नंतर. कोणाला सांगितलं होतं का मुलांनी?

शाईची_दौत | गुरुवार, रात्री १०:५८

त्याने शिपाईमामांना दोनदा सांगितलं होतं. मामा म्हणाले, अर्ज द्या लेखी. अर्ज कोणी लिहिला नाही, प्रत्येकाला वाटलं सीआर (वर्गप्रतिनिधी) लिहील, आणि सीआर म्हणतो मला कोणी सांगितलंच नाही. (मानसीताई, तुमची खोली तिथे होती बघा, फक्त एक दार पुढे.)

मग तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. मजकूर त्या मुलाने सांगितला, एका मुलीने लिहिला, "मा. प्राचार्य यांस" पासून सगळा. १९ सह्या झाल्या. पहिली सही कोणी करायची यावर जरा अडलं, मग मी म्हटलं मी करते, तर तो म्हणाला नको मॅडम, शॉक मला माहीत होता, पहिली माझी. ऑफिसात पण तोच घेऊन गेला, मी दाराशी थांबले. अर्ज पोचल्याचा आवक नंबर घेऊन आला, न सांगता.

अर्ध्या_तासाचा_गुरू | गुरुवार, रात्री ११:१५

आवक नंबर घेऊन आला! जिंकलात ताई. मी तर दहा वर्षांनी शिकलो ते.

टीवाय_वाला | गुरुवार, रात्री ११:४०

मी आज पप्पांशी बोललो. एमकॉमचा फॉर्म मी भरणार, सही पण माझी. ते म्हणाले बरं, पण तारीख चुकली तर मला सांगायचं नाही. चालेल म्हटलं. कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

पावशेर_साखर | शुक्रवार, सकाळी ७:२०

बोर्ड बदलला का?

शाईची_दौत | शनिवार, दुपारी ३:०५

आज इलेक्ट्रिशियन येऊन गेला. नवा बोर्ड बसवला, पण खटके दोनच होते त्याच्याकडे, तिसरा सोमवारी. दोन पंखे बंद करून मुलं गेली. तिसऱ्याच्या जागी कोणीतरी पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनाने लिहिलंय, "हात लावू नका, सोमवारी येणार". अक्षर मी ओळखलं.

पेपर ४१ पैकी २६ तपासून झालेत. बसते.